भरलेल्या गाडीचे पाटे

त्याला सगळे हेवी म्हणायचे. ट्रान्सपोर्टच्या आवारातल्या क्लीनरांनी ठेवलेलं हे नाव असं चिकटलं, की पगाराच्या दिवशी कॅशियरसुद्धा खिडकीतून मान काढून "हेवी कुठाय, हेवी?" म्हणून ओरडायचा. लायसन हेवीचं होतं, हे एक झालं. पण खरं कारण म्हणजे दुनियेतली कुठलीही वस्तू दणकट असल्याशिवाय या माणसाला पसंतच पडायची नाही. बादली घ्यायला गेला तर ती पालथी घालून तिच्यावर उभा राहून बघायचा. दुकानदार कपाळाला हात लावायचा, "अहो, पाणी भरायचंय का नाचायचंय?" हेवी म्हणायचा, "माल चांगला असला तर दोन्ही झालं पाहिजे."

घरातला पलंग त्याने लोखंडी अँगल वेल्ड करून घेतलेला. तो दारातून आत जाईना, म्हणून चौकट उखडली, आणि नवी बसवताना तीही लोखंडीच बसवली. बायको म्हणायची, "भूकंपात सगळी गल्ली पडेल, हा पलंग तेवढा उभा राहील. आणि वर आपण दोघं, लोकांना टाटा करत."

बायको शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला खुंट्यांवर अर्धे शिवलेले कपडे, आणि दिवसभर बायकांची ये-जा. अंगाने अगदी काटकुळी. फॅन जोरात लावला तर उडेल अशी. जीभ मात्र कात्रीसारखी. नवरा ट्रेलर घेऊन महिना महिना बाहेर असायचा. कुठे यंत्रांचे सुटे भाग पोचव, कुठे पोलादाच्या गुंडाळ्या पोचव. परत आला की ती त्याला दारातच विचारायची, "काय माल उतरवलात, आणि काय भरून आणलंत?" तो पिशवीतून कुठला तरी जाडजूड तवा नाहीतर किलोभर वजनाची कडी काढायचा आणि ती म्हणायची, "आणलंत! मेलं, चोराच्या डोक्यात घालायला बरं पडेल."

मूलबाळ नव्हतं. त्याचं जे काही रडायचं ते दोघांनी केव्हाच रडून टाकलं होतं.

हेवी निवृत्त झाला त्या वर्षी मालकाची एक जुनी दांडगी गाडी त्याने घेतली. सात माणसं बसतील अशी, चेसिसवर बांधलेली, पुढे स्प्रिंगा, मागे कमानपाटे, म्हणजे एकावर एक आवळलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. नव्या चकचकीत गाड्यांना तो साबणाच्या डब्या म्हणायचा. "ही बघ," तो बॉनेटवर थाप मारून बायकोला म्हणाला, "ठोकली तर समोरचा जातो." ती म्हणाली, "म्हणजे आपण राहतो. तेच तर सगळं दुखणं आहे."

दुखणं तेव्हा नुसतं बोलण्यात होतं. नंतर ते पाठीत आलं. शिवणाऱ्या बाईची पाठ दुखायचीच, म्हणून तिने दिवस काढले. तेलं झाली, शेक झाले, खुर्चीवर उशी आली. शेवटी मोठ्या दवाखान्यात फोटो काढले तेव्हा कळलं, की दुसरीकडे कुठे तरी गुपचूप वाढलेलं हाडांत उतरलंय. मणके आतून पोखरले गेले होते. डॉक्टरीणबाई तरुण होती, डोळ्याला डोळा न भिडवता बोलली, "कुठे जायचं असेल, कुणाला भेटायचं असेल, तर आत्ता जाऊन या. धक्के मात्र बसू देऊ नका."

बाहेर आल्यावर बायको बाकावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ऐकलंत? सहलीला जायला सांगितलंय."

"कुठे जायचं सांग."

"ताईकडे. आणखी कुठे?"

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून हिला तिनेच वाढवलेलं. ताईचं सगळं आयुष्य खडीच्या मशीनवर गेलं. त्या घरघरीत आधी कान गेले, मग धुळीने म्हणा, वयाने म्हणा, डोळेही गेले. आता ती डोंगरावरच्या वस्तीत मुलाकडे होती. बोलणं ऐकू येत नाही, माणूस दिसत नाही. कोण आलंय ते हातात हात दिला की कळायचं. बोटं चाचपायची, मनगट दाबून बघायची आणि बरोबर ओळखायची. म्हणजे फोन उपयोगाचा नाही, व्हिडिओवरचं बोलणं उपयोगाचं नाही. गाडीत बसवलं की ती घाबरून किंचाळायची, म्हणून तिला खाली आणताही येत नव्हतं. तिला भेटायचं तर तिच्या पुढ्यात जाऊन बसायला हवं, दुसरा मार्गच नव्हता.

"एकदा तिच्या हातात हात देऊन येते," बायको म्हणाली. "मग तुमचा तो लोखंडी पलंग आहेच."

हेवीने ताईच्या मुलाला फोन लावला. भाचा म्हणाला, "काका, येऊच नका. पूल गेला ना! खाणीचे ट्रक आता नदीच्या पात्रातून जातात. त्यांच्या चाकांनी नुसते चर पडलेत, मधे हे एवढाले दगड. आणि पलीकडे वस्तीपर्यंत सगळी वाट तशीच. ट्रॅक्टर येतो, ट्रक येतो. तुमची गाडी पोटावर बसेल."

हेवीचा विश्वास बसेना. तो एकटाच गाडी घेऊन बघून यायला गेला. पात्रात उतरून थोडा पुढे गेला आणि गाडी खरंच पोटावर बसली. चाकं चरात आणि पोट दगडावर, अडकलेल्या कासवासारखी. खाणीच्या ट्रॅक्टरने साखळी लावून मागे ओढली. ट्रॅक्टरवाला हसत म्हणाला, "आजोबा, गाडीला टाचा लावून घ्या."

माणसांच्या खांद्यावरून न्यायचं भाच्याने सुचवून बघितलं. अर्ध्या दिवसाची चढण, पण माणसं मिळतील म्हणाला. बायकोने फोन हातात घेऊन सरळ सांगितलं, "जिवंतपणी खांद्यावर नको रे बाबा. पुढच्या वेळी बघू."

तेव्हा उरली गाडी. ती उंच करायची.

शहराच्या टोकाला, ट्रक थांबतात त्या रस्त्यावर, गाड्यांचे कमानपाटे बसवून देणारा एक कमानवाला होता. त्याच्या शेडमध्ये पाट्यांची चळत लागलेली, वरून लोंबणारे जुने शॉकप, आणि सगळ्याला काळ्या ग्रीसचा वास. माणूस पन्नाशीचा, पोट सुटलेलं, कानावर खडू. दोन गिऱ्हाइकं स्टुलावर बसून चहा पीत होती. कमानवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं, मागचा बंपर दाबून सोडला.

"जीव गेलाय हिचा," तो म्हणाला. "पाटे सरळ झालेत. किती उंच करायची?"

"दगडावरून जाईल एवढी."

"हौशी लोक येतात माझ्याकडे. गाडी उंच करतात, राक्षसासारखी चाकं टाकतात आणि कॉलेजच्या दारात उभी करतात. तुम्ही त्यातले वाटत नाही."

"मी कॉलेजच्या दारात उभा राहिलो तर पोरं वॉचमन समजून सायकली सांभाळायला देतील."

चहा पिणारी गिऱ्हाइकं हसली. कमानवाल्यालाही म्हातारा आवडला. त्याने कानावरचा खडू काढून फरशीवरच समजावायला घेतलं.

"हे बघा काका. एक म्हणजे ठोकळे. स्प्रिंगच्या डोक्यावर ठोकळा, मागे पाट्याखाली ठोकळा. संध्याकाळपर्यंत देतो. गाडी उंच दिसेल, पण आतले पाटे तेच मेलेले. वाकलेल्या माणसाला उंच टाचांचे बूट घातल्यासारखं. दुसरं, सगळंच नवीन. स्प्रिंगा, पाटे, लांबीचे शॉकप. त्यात परत दोन जाती. एक मऊ, रिकाम्या गाडीची. घरची चार माणसं, एखादी बॅग, बास. आणि एक ही." त्याने चळतीतला एक पाटा पायाने पुढे सरकवला. "जाड. कायम भरलेल्या गाडीची. लोक मागे वेल्डिंगचं मशीन ठेवतात, पाण्याची टाकी ठेवतात, त्यांना मी ही घालतो. उंची दोन्हींत तेवढीच मिळते. म्हणून आधी सांगा, गाडीत माल काय असतो?"

हेवीने वाकून तो जाड पाटा उचलला. हातात घेतल्या घेतल्या वजन खांद्यापर्यंत पोचलं. असं लोखंड बऱ्याच दिवसांत हाताला लागलं नव्हतं.

"काका? माल काय असतो?"

सांगायचं होतं ते सोपं होतं. बायको आजारी आहे, तिला न्यायचंय. पण हे वाक्य त्याने अजून कुणापुढे उच्चारलेलं नव्हतं. शेजाऱ्यांना पाठ दुखते म्हणून सांगितलं होतं. घरात दोघंही त्याला 'ते' म्हणायची. 'ते' आज जास्त आहे, 'ते' आज कमी आहे. आणि इथे दोन परकी माणसं बशीत चहा ओतून त्याच्याकडे बघत होती. आयुष्यभर नाक्यानाक्यावर त्याला हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर जिभेवर तयारच असायचं.

"माल असतो," तो म्हणाला.

"किती?"

"भरपूर."

"कायम?"

"कायम."

"मग प्रश्नच मिटला," म्हणून कमानवाल्याने जाड पाट्यांवर खडूने फुली मारली.

टायरवर मात्र बराच वेळ खल झाला. कमानवाला म्हणाला, मोठं टायर टाकलं की ते वळताना मडगार्डला घासणार. कडा ठोकून आत घ्यावी लागेल, आतलं प्लॅस्टिक कापावं लागेल. वेगाचा काटा खोटं बोलायला लागेल; तो कमी दाखवेल आणि गाडी त्याहून जोरात पळत असेल. ब्रेक जरा उशिरा लागेल. हेवी सगळ्याला हो म्हणाला. दगडावर बाजूने फाटणार नाही असं जाडजूड टायर त्याने निवडलं, अंगठा रोवून बघितला, तो रुतेना तेव्हा खूश झाला.

गाडी घोडीवर चढली. पाटे आवळून धरणारे गंजलेले यू-बोल्ट निघेनात, ते गॅसने कापले. पुढच्या स्प्रिंगा दाबून बसवताना कमानवाला शिव्या घालायचा आणि हेवी त्याला पाना आयता हातात द्यायचा. ब्रेकचे पाइप आखूड पडले, ते बदलले. चाकं चढवली तर ती डावीकडे घासलीच; मग हातोडा, मग कटर, मग परत स्टेअरिंग गच्च फिरवून बघायचं. हेवी सकाळी डबा घेऊन निघायचा तो दिवेलागणीला हात काळे करून परत यायचा. नोकरी सुटल्यापासून त्याच्या चालण्यात एवढा जोर कुणी पाहिला नव्हता.

"सवत कशी आहे?" बायको पलंगावरूनच विचारायची.

"आज उभी राहिली."

"नशीबवान आहे."

काम सुरू झालं तेव्हा ती चहा करायला स्वयंपाकघरात जायची. काम संपत आलं तेव्हा भिंत धरून मोरीपर्यंत जायची, आणि मधे एकदा थांबायची. हे हेवीला दिसत होतं. म्हणून तो कमानवाल्याच्या मागे आणखी घाई लावायचा.

गाडी घरी आली तेव्हा गल्लीतली माणसं बाहेर आली. चाकं घरांच्या खिडक्यांपर्यंत आल्यासारखी दिसत होती. बायकोने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "अहो, गाडी करायला सांगितली होती. हा जिराफ कुठून आणलात?"

पायरी तिच्या कमरेच्या वर आली होती. त्यासाठी त्याने लोखंडी जिना बनवून आणला होता, अर्थात दोन माणसांनी उचलावा लागेल असा. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला आणि तिथेच थांबली. मग त्याने तिला उचलून आत ठेवलं. उचलताना त्याला कळलं की आता तिच्यात उचलायला फारसं काही उरलेलं नाही. मागच्या सीटवर गादी, तिच्याभोवती उशा. ती ऐटीत बसली. "चला ड्रायव्हर. एक फेरी मारून आणा."

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. हेवीने गाडी अगदी मुंगीच्या पावलाने चढवली. पुढची चाकं गेली. मग मागची चाकं चढली आणि उतरताना गाडीने खालून थाड्दिशी लाथ मारली. जाड पाट्यांना खाली दाबायला वजनच नव्हतं. लोखंड होतं तसं ताठ राहिलं आणि रस्त्याचा सगळा धक्का त्याने वर पोचवला.

हेवीने आरशात बघितलं. तिने छताजवळची मूठ घट्ट धरली होती, डोळे मिटले होते आणि ओठ पांढरेफटक पडले होते.

"काय गं?"

"काही नाही. चांगली आहे गाडी," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मजबूत आहे."

रिकामी गाडी उड्या मारते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. माल उतरवून परत येताना रिकामा ट्रेलर कसा नाचतो, ते त्याने सारं आयुष्य बुडाखाली अनुभवलं होतं. पण त्या नाचण्याला तो मजा म्हणायचा. हाडं हलली की झोप उडते, असं क्लीनरांना सांगायचा. त्या सीटवर पोखरलेला मणका बसवला तर काय होईल, हा हिशेब त्याने कधी केला नव्हता.

त्याने टायरमधली हवा कमी केली. जरा फरक पडला, पण टायरच्या जाड बाजू दबेनात. मग त्याने वाळूच्या गोण्या आणून मागे भरल्या आणि एकटाच फेरी मारून आला. गाडी लोण्यासारखी चालली. आनंदाने खाली उतरून बघतो तर पाटे दबून गाडी खाली बसलेली. जेवढी मऊ झाली होती, तेवढी बुटकी झाली होती. गोण्या काढल्या की उंच आणि कडक. भरल्या की मऊ आणि बुटकी. अंगणात दुपारभर तो गोण्या भरत आणि उतरवत राहिला. बायको खिडकीतून बघत होती. "अहो," ती शेवटी म्हणाली, "वाळूला आधी फिरवून आणा हवं तर. मी मागाहून जाईन."

तो कमानवाल्याकडे गेला. या वेळी शेडमध्ये गिऱ्हाइकं नव्हती, पण असती तरी त्याला फिकीर नव्हती.

"पाटे बदलून दे. मऊ घाल."

"काका, तुम्हीच म्हणालात ना, माल असतो, कायम असतो..."

"माल नाही. बायको आहे." मग म्हणाला, "हाडांत गेलंय तिच्या."

कमानवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. आधीच सांगायचंत, एवढं त्याच्या ओठांवर आलं होतं ते त्याने गिळलं, हे हेवीला दिसलं.

"मऊ माल शिलकीत नाही," तो म्हणाला. "मागवतो. आजच मागवतो. पण वरूनच यायला वेळ लागतो... पुढचा महिना धरा. कदाचित त्याच्या पुढचा."

"तेवढं नाहीये."

कमानवाला गाडीखाली शिरला. चळतीतला एक पाटा काढून बघू म्हणाला, थोडी नरम पडेल, थोडी उतरेल. पाटा काढला, शॉकप ढिले केले. मजुरीचं नाव काढलं नाही. निघताना गाडीच्या खिडकीशी आला, वर बघून म्हणाला, "हळू न्या." यापलीकडे त्याच्याजवळही काही नव्हतं.

मग हेवीने एक युक्ती काढली. चांगला रस्ता आहे तोवर गोण्या गाडीत ठेवायच्या, म्हणजे तिथवर गाडी मऊ. पात्राशी आलं की गोण्या टाकून द्यायच्या, म्हणजे उंची मिळेल. आणि पात्रात, पुढच्या चढणीवर, गाडी एवढी हळू न्यायची की धक्का लागायलाच नको. सांगायला ती बरी वाटत होती. बायको म्हणाली, "उद्याच जाऊ. परवाचं मी सांगत नाही." भाच्याला कळवलं. तिने दुखण्याच्या गोळ्या दुप्पट घेतल्या, बहिणीसाठी शिवून ठेवलेलं मऊ कापडाचं पोलकं उशीखाली ठेवलं, केसांना तेल लावून घेतलं. ते हेवीनेच लावलं. "सावकाश," ती म्हणाली, "हे टायर नाही."

सकाळी निघाले. चांगल्या रस्त्यावर खरंच त्रास झाला नाही. ती पडल्या पडल्या झाडांचे शेंडे बघत होती. "एवढ्या उंचावरून मी कधी काही बघितलं नव्हतं," म्हणाली. "लोकांच्या गच्चीवरचे कपडे दिसतात. एकीची शिवण उसवलीय बघा." हेवी एवढा हसला की त्याला डोळे पुसावे लागले. त्या तासाभरात त्याला वाटलं की जमलं.

नदीच्या काठाला त्याने गोण्या उतरवून टाकल्या. पात्र कोरडं होतं. दगड पांढरे, मधून ट्रकच्या चाकांनी पाडलेली एकच अरुंद वाट, दोन्ही बाजूंना गाडीएवढे धोंडे. पलीकडच्या काठावर भाचा उभा दिसत होता. त्याने हात केला.

गाडी उतरली. पोट कुठेही टेकलं नाही. ज्या दगडावर ती मागे पोटावर बसली होती, तो खालून निघून गेला. उंचीचं गणित बरोबर होतं. पण प्रत्येक दगडावर चाक चढताना गाडी एका अंगाला कलायची, आणि उतरताना पाटा फटका मारायचा. पहिल्या फटक्याला तिने उशी घट्ट धरली. दुसऱ्याला तिने त्याचं नाव घेतलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, 'अहो'शिवाय तिने त्याला कधी हाक मारली नव्हती. तिसऱ्या दगडाला जो आवाज निघाला तो माणसाचा होता हे त्याला क्षणभर कळलंच नाही. त्याला वाटलं, गाडीचं काही तरी तुटलं.

त्याने गाडी बंद केली.

पात्राचा मध्यसुद्धा अजून आला नव्हता. पुढे तेवढंच, आणि त्याच्यापुढे सगळी चढण. तो मागे वळला. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ चावलेला होता.

"थोडं थांबू," तो म्हणाला. "मग जाऊ."

ती बराच वेळ श्वास गोळा करत होती. "नाही जमायचं," ती म्हणाली. "आणखी एकसुद्धा नाही."

"उचलून नेतो तुला."

"कुठवर?"

दगडांतून तो स्वतःच्या पायाने नीट चालू शकला नसता.

भाचा धोंड्यांवरून उड्या मारत आला. गाडी एवढी उंच, की त्याचं डोकं जेमतेम खिडकीच्या काठाशी येत होतं. तो टाचा वर करून आत बघायला लागला आणि मावशीला बघून त्याचा चेहराच उतरला.

"ताई कशी आहे?" मावशीने विचारलं.

"बरी आहे. सकाळपासून दारात बसलीय. आत यायलाच तयार नाही."

"तिला काय कळलं मी येणार ते?"

"तुम्ही मागे शिवून पाठवलेलं पोलकं तिच्या हातात दिलं, आणि तिचा हात धरून वाटेकडे केला. लगेच कळलं तिला. न्हाऊन घेतलं, मला बाज बाहेर टाकायला लावली." मग हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही येताय हे सांगता आलं. पण येत नाही म्हणून कसं सांगू? ते सांगायचं कसं, तेच मला माहीत नाही."

दगड तापत चालले होते.

तिने उशीखालून नवं पोलकं काढलं आणि त्याच्याकडे धरलं. तो घ्यायला गेला तशी तिने परत ओढलं. "नको," ती म्हणाली. "हे दिलंस तर तिला वाटेल मी अजून येतेच आहे. काही देऊ नकोस. बसू दे तिला. ऊन उतरलं की आत ने."

भाचा मान हलवून बाजूला झाला. पण गेला नाही, तिथेच एका धोंड्याला टेकून उभा राहिला.

हेवीने गाडी सुरू केली. वळवायला जागा नव्हती. वाट एका गाडीची आणि दोन्हीकडे धोंडे. मागेच घ्यावी लागणार होती. येताना पार केलेला प्रत्येक दगड आता परत पार करायचा होता, उलट बाजूने.

त्याने रिव्हर्स टाकला, डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला आणि मान वळवली. पुढे जाताना त्याची तिच्याकडे पाठ होती. जे झालं ते त्याने नुसतं ऐकलं होतं. आता मागची काच आणि त्याच्यामधे ती होती. मागे बघितल्याशिवाय रस्ता दिसत नव्हता, आणि रस्ता बघायचा तर तिचा चेहरा टाळता येत नव्हता.

"तुम्ही दगड बघा," ती म्हणाली. "माझ्याकडे नका बघू."

"तेच बघतोय."

मागचं चाक पहिल्या दगडाला लागलं. हेवीने क्लच अर्धा धरला, श्वास रोखला आणि तिच्या तोंडाकडे बघत बघत गाडी त्याच्यावर चढवायला घेतली.